तारीख चुकवू नका : न्यायालयात जाण्याची तयारी

(कार्यकर्त्यांनी हा पाठ पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. एका बैठकीत दोन-तीन भागच घ्यावेत.)



तालुक्याच्या न्यायालयात मी पुष्कळ वर्षे कारकुनी केली. न्यायाधीशांच्या आसनापुढे खाली जे टेबल असते, तिथे बसून रोजनामा लिहिणे हे माझे काम होते. त्या दिवशी त्या खटल्यात कोण आले, कोण आले नाही, काय झाले आणि पुढची तारीख कोणती, याची नोंद म्हणजे रोजनामा. निवृत्त झाल्यापासून मी संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर फिरतो. कोणाच्या घरी न्यायालयाचा कागद आला की लोक मला पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, शिक्षा होईल का हो?"

शिक्षेचा निर्णय न्यायाधीश पुरावा पाहून करतात. तो आज कोणी सांगू शकत नाही. पण आपल्या लोकांचे जास्तीत जास्त नुकसान कशाने होते, ते मी टेबलावर बसून पाहिले आहे. ते 'आरोपी गैरहजर' या दोन शब्दांनी होते. गुन्हा लहान असतो, पुरावा कच्चा असतो, कधी माणूस अगदी निर्दोष असतो. तरी तो तारखेला आला नाही, म्हणून वॉरंट निघते आणि तो तुरुंगात जातो. म्हणून या पाठात न्यायालयाची वाट, तिथली माणसे, खटल्याच्या पायऱ्या आणि तारीख सांभाळण्याची रीत सांगतो.

१. आपले प्रकरण कोणत्या इमारतीत आहे?

तालुक्याच्या गावी पोलीस ठाणे, तहसील आणि न्यायालय बहुधा जवळजवळ असतात. नवखा माणूस चुकीच्या दारात तासभर उभा राहतो आणि तेवढ्यात त्याच्या नावाचा पुकारा होऊन जातो. म्हणून आधी हे समजून घ्या.

पोलीस ठाणे तपास करते. तिथे निकाल लागत नाही. ठाण्यात कोणी "मिटले, आता जा" असे तोंडी सांगितले, तरी गुन्हा नोंदलेला असेल तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते.

तहसीलदार आणि प्रांतसाहेब यांनाही काही कामांसाठी दंडाधिकारी म्हणतात. भांडणतंटा होऊ नये म्हणून शांततेचा बाँड लिहून घेण्याची 'चॅप्टर केस' त्यांच्यापुढे चालते. ती वेगळी आणि गुन्ह्याचा खटला वेगळा.

गुन्ह्याचा खटला तालुक्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. खून, बलात्कार असे गंभीर खटले सत्र न्यायालयात जातात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ याखालचे खटले विशेष न्यायालयात चालतात. त्याच्या वर मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. जमिनीच्या मालकीचा किंवा वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात असतो.

मुलाचे किंवा मुलीचे वय १८ पेक्षा कमी असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. आपल्याकडे वय अंदाजाने लिहिले जाते आणि सोळा वर्षांचा मुलगा कागदावर एकोणीसचा होतो. अशा वेळी शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद ताबडतोब वकिलाकडे द्या.

२. समन्स आले म्हणजे काय करायचे?

समन्स म्हणजे न्यायालयाचे बोलावणे. ते आरोपीला येते तसे साक्षीदारालाही येते. समन्स आले म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असे नाही. त्यावर सही किंवा अंगठा दिला, तर कागद मिळाला एवढेच सिद्ध होते. गुन्हा कबूल केला असा त्याचा अर्थ होत नाही. भीतीने कागद परत पाठवू नका, घराला कडी लावून रानात जाऊ नका.

भगिनींनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पूर्वी माणूस घरी नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडे देत. आता ते घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे देता येते, म्हणजे बायको, आई, बहीण यांच्याकडेही. नवरा वीटभट्टीवर असताना कागद तुमच्या हातात येऊ शकतो. तो पत्र्याखाली खोचून ठेवू नका. त्याच दिवशी वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या आणि घरच्या माणसाला फोन करा.

कागद हातात आला की त्यात पाच गोष्टी शोधा : कोणते न्यायालय, खटल्याचा क्रमांक आणि वर्ष, तुम्हाला आरोपी म्हणून बोलावले की साक्षीदार म्हणून, तारीख आणि वेळ, आणि कोणत्या कायद्याचे कोणते कलम. क्रमांकाच्या आधी बहुधा 'आर.सी.सी.' किंवा 'एस.सी.सी.' अशी अक्षरे असतात. ती अक्षरेही उतरवून घ्या, कारण नुसत्या आकड्यावरून खटला सापडत नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सी.एन.आर. क्रमांकही असतो. तो मिळाला तर ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर पुढची तारीख पाहता येते. गावातल्या कोणत्याही शिकलेल्या मुलाला हे जमते.

मग तारीख पक्की करा. आपले जुने लोक दिवस बाजारावरून मोजतात. "तिसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी" असे मनात बसले तर जास्त चांगले. बाजारावरून मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोलही करा. दोन्ही करा.

३. वकील : हा हक्क आहे

"वकिलाला पैसे कुठून आणू?" असे म्हणून अनेक जण एकटेच उभे राहतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. उत्पन्न किती हे त्यासाठी पाहत नाहीत. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला माणूस यांनाही तोच हक्क आहे. वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क, कागदपत्रांचा खर्च हे सगळे त्यात येते.

त्यासाठी तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. आरोपींच्या बचावासाठी जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालयही सुरू झाली आहेत. टोल-फ्री क्रमांक १५१०० आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला माणूस तुमचे ऐकून अर्ज लिहून घेतो. जातीचा दाखला असेल तर जोडा. नसेल तर घरी बसू नका. बाई असेल किंवा माणूस कोठडीत असेल, तर हक्क त्याच कारणाने मिळतो. इतरांनी काय जोडायचे ते तिथेच विचारावे.

हा हक्क किती पक्का आहे ते एका खटल्यावरून कळते. अरुणाचल प्रदेशातल्या सुक दास नावाच्या माणसाचा खटला वकिलाशिवाय चालला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. "तू वकील मागितला नाहीस" असे त्याला सांगण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे असे की, गरीब आणि अशिक्षित माणसाला आपला हक्कच माहीत नसतो, मग तो मागणार कसा? मोफत वकिलाबद्दल त्याला सांगणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे काम आहे.

तरीही आपण स्वतः मागावे. न्यायाधीशांनी विचारले की स्पष्ट सांगा, "साहेब, मला वकील नाही. मला सरकारी खर्चाने वकील द्या." न्यायालयातला 'सरकारी वकील' मात्र वेगळा. तो पोलिसांच्या बाजूने खटला चालवतो, तो तुमचा वकील नाही. आणि विधी सेवेने दिलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. न्यायालयाच्या फाटकाबाहेर "माझी साहेबांशी ओळख आहे" म्हणणारा जो भेटतो, त्याला दहा रुपयेही देऊ नका.

४. अटक आणि जामीन

अटक झाली तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. अटकेचे कारण सांगितले पाहिजे. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवले पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. अटकेचे कारण आणि २४ तासांची मुदत हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. तिथे उभे केल्यावर मारहाण झाली असेल तर तेव्हाच सांगा. कोणी विचारले नाही तरी सांगा.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असा अर्थ नाही. तिथे न्यायालय विचार करून ठरवते, एवढाच फरक.

आपले लोक अडतात ते जामीनदारापाशी. न्यायालय सांगते, "अमुक रुपयांचा जामीनदार द्या." तेवढे पैसे भरायचे असे समजून घरचे लोक बकऱ्या विकायला निघतात. तसे नसते. जामीनदार फक्त लिहून देतो की हा माणूस तारखेला येईल, न आल्यास ही रक्कम मी भरीन. त्यासाठी जामीनदाराचे आधार, रेशनकार्ड, फोटो आणि सात-बारा किंवा घरपट्टीची पावती असे ऐपतीचे कागद लागतात. वनहक्काचा पट्टा चालेल का, हे वकिलाला आधी विचारा म्हणजे फेरी वाया जात नाही. पैसे घेऊन उभा राहणारा अनोळखी जामीनदार कधी घेऊ नका. त्याचे कागद खोटे निघाले तर तुमच्यावर नवे संकट येते.

जामीनदार मिळतच नसेल तर वकिलाला जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करायला सांगा. जातमुचलका म्हणजे स्वतःचेच लिहून देणे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदाच सांगतो. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीनदार राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या कारणाने जामीनदार नाकारता येत नाही, आणि गरीब माणसाकडे त्याला न झेपणारी रक्कम मागू नये. मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यात आले.

५. खटल्याच्या पायऱ्या

खटला एका दिवसात होत नाही. प्रत्येक तारखेला काहीतरी मोठे होईल असेही नाही. पायऱ्या माहीत असल्या म्हणजे आज आपण कुठे आहोत ते कळते. तालुक्याच्या न्यायालयात पोलिसांनी दाखल केलेला खटला साधारण असा चालतो.

पहिली पायरी दोषारोपपत्राची. तपास संपल्यावर पोलीस ते न्यायालयात देतात. आरोप काय, साक्षीदार कोण, जबाब काय, हे त्यात असते. त्याची नक्कल आरोपीला मोफत मिळते. ती घ्याच आणि घरी कोणाकडून तरी वाचून घ्या. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे माहीत नसताना खटला लढवणे म्हणजे डोळे बांधून ओढा ओलांडणे.

दुसरी पायरी आरोप वाचून दाखवण्याची. न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" इथे फार सांभाळा. आपल्या माणसाला साहेबापुढे "हो" म्हणायची सवय असते. एका वारली आजोबांना मी या प्रश्नावर "हो साहेब" म्हणताना पाहिले आहे. न्यायाधीशांना शंका आली. त्यांनी वारली बोलणाऱ्या शिपायाला बोलावून प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. तेव्हा आजोबा म्हणाले, "नाही नाही, मी तर त्या दिवशी लावणीला होतो." प्रत्येक वेळी असे न्यायाधीश आणि असा शिपाई भेटेलच असे नाही. मराठी नीट समजत नसेल तर सांगा, "मला माझ्या भाषेत सांगा." साक्षीपुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असा नियमच आहे. वारली, कातकरी, भिली, कोरकू, गोंडी, माडिया यांपैकी कोणतीही भाषा असो, दुभाषी मागण्यात लाज नाही.

"कबूल कर, दोनशे रुपये दंड भरून आजच सुटशील" असा सल्लाही देणारे भेटतात. हातभट्टीच्या किंवा किरकोळ मारामारीच्या खटल्यात तर हमखास. कबुली म्हणजे दोषी ठरणे. दंड भरून माणूस घरी येतो, पण नोंद राहते. पुढे पोलीस भरती, वनरक्षक भरती, कोणतीही सरकारी नोकरी, सगळीकडे चारित्र्य पडताळणीत ती नोंद वर येते. तरुण मुलांनी वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये.

तिसरी पायरी साक्षीपुराव्याची. आधी सरकारी पक्षाचे साक्षीदार येतात. सरकारी वकील विचारतात ती सरतपासणी, तुमचे वकील विचारतात ती उलटतपासणी. या तारखांना तुम्ही हजर असलात तर साक्षीदार खोटे कुठे बोलतो ते वकिलाला सांगू शकता. बांध कुठे, विहीर कुठे, रात्री दिवा होता की नव्हता, हे तुम्हालाच माहीत असते.

चौथी पायरी आरोपीच्या जबाबाची. न्यायाधीश पुराव्यातल्या गोष्टी एक-एक करून विचारतात. यात शपथ नसते. उत्तर द्यायचे, "खोटे आहे" म्हणायचे किंवा गप्प राहायचे, हे तुमच्या हातात आहे. स्वतःविरुद्ध बोलायला कोणी भाग पाडू शकत नाही.

पाचवी पायरी बचावाच्या साक्षीदारांची, युक्तिवादाची आणि निकालाची. कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची नक्कल आरोपीला मोफत मिळते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचे असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस जामिनावर असेल, तर अपिलासाठी त्याच न्यायालयाकडून काही काळ जामीन मिळतो. तो अर्ज निकालाच्या दिवशीच करावा, म्हणून निकालाच्या तारखेला जामीनदारालाही बरोबर न्या.

हे खटले जुन्या संहितेखाली सुरू झालेले असोत की नव्या, पायऱ्या बहुतेक याच आहेत.

६. तारखेच्या दिवशी

आदल्या रात्री एका प्लॅस्टिकच्या पिशवीत समन्स, जामिनाच्या आदेशाची नक्कल, दोषारोपपत्र, आधारकार्ड आणि वकिलाचा फोन क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. पावसाळ्यात पिशवी दुहेरी करा. भाकरी बांधून घ्या, कारण दिवस जाऊ शकतो. पहाटेची एस.टी. धरा. ती बंद असेल तर काय, हेही आधी ठरवा. काम साधारण अकराला सुरू होते. तुम्ही साडेदहाला आवारात असावे.

गेल्याबरोबर दाराजवळचा बोर्ड पाहा. त्या दिवशीच्या खटल्यांची यादी म्हणजे बोर्ड. आपला क्रमांक कितवा ते पाहून वकिलाला भेटा. मग दालनाजवळच थांबा. शिपाई नावाचा पुकारा करतो. त्या वेळी तुम्ही चहाच्या टपरीवर असाल, तर रोजनाम्यात तुम्ही गैरहजर आहात.

दारू पिऊन जाऊ नका. मोबाइल बंद ठेवा. पुकारा झाला की आत जाऊन सरळ उभे राहा, नमस्कार करा. न्यायाधीशांच्या पाया पडू नका, रडून विनवणी करू नका, त्याने काही होत नाही. विचारले तेवढेच आणि खरे बोला. प्रश्न समजला नाही तर "समजला नाही साहेब" म्हणा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. ही दोन्ही पूर्ण उत्तरे आहेत.

साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर प्रवासाचा भत्ता विचारा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात पीडित आणि साक्षीदार यांना प्रवास व निर्वाहाचा खर्च मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे.

एखाद्या दिवशी साहेब रजेवर असतात. तरीही गेले पाहिजे. टेबलावरच्या कारकुनाकडून हजेरीची नोंद आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय घरी परतू नका. ही तारीख तोंडी ऐकू नका, कागदावर लिहून घ्या.

७. स्थलांतर, चुकलेली तारीख आणि वॉरंट

दिवाळी झाली की आपले पाडे ओस पडतात. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी रेती-बांधकामावर जातो. न्यायालयाच्या तारखा मात्र थांबत नाहीत.

एका पाड्यावरच्या तरुणाचे सांगतो. गावच्या भांडणात त्याच्यावर किरकोळ मारहाणीचा खटला होता. जामीन झालेला होता. भट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली, म्हणून दिवाळीनंतर तो बायको-मुलांसह गेला. दोन तारखा चुकल्या. अजामीनपात्र वॉरंट निघाले. होळीला तो घरी आला आणि शिमग्याच्या रात्री पोलीस त्याला घेऊन गेले. सुटका होईपर्यंत बावीस दिवस गेले. उचल फिटली नाही, म्हणून बायको एकटीच भट्टीवर परत गेली. जामीनदार राहिलेल्या चुलत्याला रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस आली. पुढे साक्षीदार फुटले आणि तो निर्दोष सुटला. गुन्ह्यासाठी त्याला एक दिवसाचीही शिक्षा झाली नाही. तुरुंगातले बावीस दिवस फक्त चुकलेल्या तारखांचे होते.

हे टाळता येते. कामाला जाण्याआधी वकिलाला भेटून कुठे जातो आणि कोणता फोन लागेल ते सांगा. शक्य असेल तर तारीख सोयीची मागून घ्या. मुकादमाला आधीच सांगा की अमुक दिवशी मला एक खाडा पडणार. खरेच येणे जमत नसेल, म्हणजे आजारपण, घरी मयत, बाळंतपण असे काही असेल, तर त्याच दिवशी सकाळी वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज द्या. दवाखान्याचा कागद असेल तर जोडा. अर्ज मान्य करायचा की नाही हे न्यायालय ठरवते, म्हणून त्याची सवय लावू नका. किरकोळ खटल्यात वकिलाने आरोपीच्या वतीने हजर राहण्याची परवानगीही मागता येते.

आणि तारीख चुकलीच तर? लपू नका. वॉरंट आपोआप संपत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय रद्द करीपर्यंत कायम राहते, वर्ष गेले तरी. लपून राहिलात तर न्यायालय फरारी म्हणून जाहीरनामा काढू शकते. जामिनावर असताना विनाकारण हजर न राहणे हा वेगळा गुन्हाही आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कळल्याबरोबर वकिलाला घेऊन स्वतःहून न्यायालयात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. न आल्याचे खरे कारण सांगा. स्वतःहून आलेल्या माणसाचे वॉरंट थोड्या दंडावर किंवा नव्या बाँडवर रद्द झालेले मी अनेकदा पाहिले आहे. पकडून आणलेल्या माणसाला ती सवलत मिळणे अवघड जाते.

८. लोकअदालतीविषयी थोडे

आपसात मिटण्यासारखी प्रकरणे लोकअदालतीत ठेवता येतात. शुल्क लागत नाही. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून काय लिहिले आहे ते पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. मान्य नसेल तर "नाही" म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तसे म्हटल्याने तुमचा खटला बिघडत नाही.

बैठकीत करायचे काम

कार्यकर्त्यांनी पाड्यात कोणाकोणाचे खटले चालू आहेत ते विचारावे. चारचौघांत नको, घरी जाऊन. एका वहीत प्रत्येकाचे न्यायालय, खटल्याचा क्रमांक, वकिलाचा फोन आणि पुढची तारीख लिहावी. ही वही पाड्यातल्या एका विश्वासू ताईकडे राहावी. तारखेच्या आठ दिवस आधी आणि आदल्या दिवशी तिने फोन करावा. ज्याला वकील नाही त्याला याच महिन्यात विधी सेवा समितीकडे घेऊन जावे. दिवाळीपूर्वी एकदा सगळी वही तपासावी, म्हणजे बाहेर जाणाऱ्यांच्या तारखा कळतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. नवरा कामाला बाहेर असताना समन्स आले, तर घरच्या बाईने त्याच दिवशी काय काय करावे?

२. सरकारी वकील आणि विधी सेवेने दिलेला वकील यांत फरक काय?

३. "दंड भरून मोकळा हो" हा सल्ला तुमच्या मुलाला कोणी दिला, तर तुम्ही काय सांगाल?

४. जामीनदार राहणारा माणूस काय लिहून देतो? आपण तारीख चुकवली तर त्याचे काय होते?

५. आपल्या पाड्यात कोणाचे वॉरंट निघालेले आहे का? त्याला न्यायालयात न्यायला बरोबर कोण जाईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर नावासह ठरल्याशिवाय बैठक संपवू नका. एकट्याने न्यायालयाची पायरी चढायला माणूस घाबरतो. बरोबर पाड्यातले कोणी असले की तो जातो.